हरकत असल्यास आताच सांगावी

शिरूर आणि दौंड बघायला म्हणून कुणी जात नाही. लोक नगरला निघतात, वाटेत शिरूर लागतं. सोलापूरला निघतात, वाटेत दौंड लागतं. गाडी थांबते, माणसं चहा पितात आणि पुढे गेल्यावर विसरतात. मी मात्र एका फेब्रुवारीत शुक्रवार ते रविवार याच दोन तालुक्यांत फिरले. त्याच सुट्टीत पुण्याच्या ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणी महाबळेश्वरला गेल्या होत्या. त्यांनी आल्यावर फोटो दाखवले, मी गूळ वाटला. "यासाठी रजा टाकलीस?" असं ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

निमित्त माझ्या भाच्याचं, नितीनचं. दादाचा हा धाकटा मुलगा रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला होता आणि शेजारच्या कारेगावात खोली घेऊन राहत होता. त्याच्या खोलीतल्या जोडीदारानं दादाला फोन करून कळवलं, की नितीन जेवत नाही, दाढी करत नाही, कामावर जात नाही. एका मुलीनं त्याला नाही म्हटलंय. ही मुलगी होती हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. दादानं लगेच मला फोन लावला.

"तू जाऊन बघ. मी गेलो तर मारीन त्याला," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पोरगी चांगली होती का गं? तेवढं विचार."

मी प्रवासाला निघताना यादी करते. या वेळच्या यादीत टॉर्च, बिस्किटं, लिंबं, शेंगदाण्याची चटणी, सुईदोरा आणि टॉवेल होते. परत येताना आणायच्या वस्तूंच्या रकान्यात गूळ आणि नितीन.

शुक्रवार : कारेगाव

कारेगाव हे शेतात उगवलेलं गाव आहे. कारखाने आल्यावर लोकांनी ज्वारीच्या कडेनं खोल्यांच्या रांगा बांधल्या. एक पट्टा ज्वारीचा, एक पट्टा खोल्यांचा. कोणत्या खोलीत कोण राहतं ते दोरीवरच्या कपड्यांवरून कळतं. निळा गणवेश म्हणजे एक कारखाना, करडा म्हणजे दुसरा. पाट्या मराठी, दुकानदार मारवाडी, गिऱ्हाइकं बिहारची. सकाळी दहाला निम्मं गाव कामाला निघालेलं असतं आणि निम्मं नुकतंच झोपलेलं. त्यामुळे तिथे सगळे हळू बोलतात, फक्त टेप मोठ्यानं लागलेला असतो. तो नितीनचा होता.

दार त्याच्या जोडीदारानं, शिवकुमारनं उघडलं. बिहारमधल्या छपऱ्याचा होता, डोळे झोपेनं लाल.

"आंटी, अच्छा हुआ आप आ गईं," तो म्हणाला. "नाइट शिफ्ट करके आता हूँ तो ये रोता हुआ मिलता है. मेरी अभी शादी भी नहीं हुई और लगता है मेरा ही तलाक हो गया."

नितीन चटईवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी आधी टेप बंद केला, खिडकी उघडली, चहा टाकला. मग त्याला बसता केला आणि सगळं विचारून घेतलं.

मुलीचं नाव एस्तेर. शिरूरची, ख्रिस्ती घरातली, शेजारच्या कारखान्यात माल तपासायच्या कामावर. दोघांची कंपनीची बस एक. ओळख होऊन दोन वर्षं झाली होती. ती म्हणत होती, घरी सांग. हा म्हणत होता, दिवाळी होऊ दे, पगारवाढ होऊ दे, बाबांचं ब्लडप्रेशर उतरू दे. दादाचं ब्लडप्रेशर जन्मात कधी चढलेलं नाही. शेवटी नगरहून एका मास्तराचं स्थळ आलं आणि एस्तेरनं हो म्हटलं. नितीनला बसच्या थांब्यावर सांगितलं, "मी थांबले तेवढं पुरे," आणि बस आली तशी चढून गेली.

"पण अजून संपलेलं नाही आत्या," नितीन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी चमकलं आणि ते मला मुळीच आवडलं नाही. "त्यांच्यात लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवारी चर्चमध्ये दोघांची नावं वाचून दाखवतात. पाळकसाहेब सगळ्यांना विचारतात, कुणाची हरकत असल्यास आताच सांगावी. दोन रविवार झाले. परवा तिसरा, शेवटचा."

"मग?"

"मी उभा राहणार. म्हणणार, माझी हरकत आहे."

"काय हरकत?"

"माझं तिच्यावर प्रेम आहे."

"ही हरकत नव्हे नितीन, ही बातमी आहे. तीसुद्धा शिळी."

शिवकुमारला मराठी कळत होतं. तो पांघरुणात तोंड घालून हसला.

नितीन मात्र ठाम होता. तो उठून उभा राहिला असता तर त्याचं हसं झालं असतं, आणि तेवढ्यानं मी झोप घालवली नसती. पण भरल्या चर्चमध्ये परका मुलगा असं बोलला, की ते एस्तेरला आणि तिच्या आईबापांना शिरूरमध्ये कायमचं चिकटलं असतं. त्या मुलीनं काही वाईट केलेलं नव्हतं. तिनं फक्त वाट बघणं सोडलं होतं. रविवारी दुपारपर्यंत नितीनला शिरूरपासून लांब ठेवायचं, एवढंच मी ठरवलं. पंचवीस वर्षांच्या मुलाला कोंडून ठेवता येत नाही, पण ओझं उचलायला नेता येतं.

"मला यवतला जाऊन वर्षाचा गूळ घ्यायचाय," मी म्हटलं. "माझी कंबर धरते. तू चल."

"रविवारी सकाळी मी शिरूरला असणार," तो म्हणाला.

"बघू ना," मी म्हटलं. आमच्या घराण्यात हे उत्तर चालतं.

शुक्रवार, दिवस मावळता : यवत

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणारी एसटी घेतली. हा रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांना एक गंमत सांगते. शिरूरकडचा भाग कोरडा. ज्वारी, कांदा, बाभळी आणि लांबवर दिसणारी माणसं. पारगावला भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो आणि एकदम ऊसच ऊस. खिडकीतून येणारी हवासुद्धा चिकट होते. शिरूरकडे बाया डोक्यावर पाटी घेऊन बसमध्ये चढत होत्या, दौंडकडे हातात पर्स घेऊन.

नितीन खिडकीला डोकं टेकून डोळे पुसत होता. कंडक्टरनं तिकीट देताना विचारलं, "काय ओ, पोराला काय झालं?"

खरं सांगण्यासारखं नव्हतं. तोंडाला आलं ते बोलून गेले. "पित्ताचा त्रास आहे त्याला."

ही चूक मला फार महागात पडली. पुण्यात कुणाला पित्त आहे म्हटलं तर लोक "हो का" म्हणतात आणि आपल्या पित्ताचं सांगायला लागतात. इकडे तसं नाही. इकडे माणूस कामाला लागतो. कंडक्टरनं सगळी बस जागी केली. मागच्या एका बाईनं कोकम दिलं, दुसरीनं ओव्याची पुडी काढली, एका म्हाताऱ्यानं नितीनला वाकायला लावून पाठीत दोन गुद्दे घातले आणि म्हणाला, "ढेकर आला का? न्हाई? मंग जुनं हाय पित्त."

यवतला आमच्या ऑफिसातल्या कांबळेबाईंचे भाऊ राहतात. रेल्वेतून रिटायर झालेले, थोडी शेती, सगळे त्यांना तात्या म्हणतात. दारात "जय भीम" झालं, पाणी झालं, आणि मी सावरायच्या आत कंडक्टरचा निरोप आमच्या आधी पोचल्यासारखं तात्यांच्या बायकोनं विचारलं, "पोरगं असं का ओ सुकलंय?"

आता माघार घेता येत नव्हती. "पित्त," मी म्हटलं.

वहिनींनी आमच्यासाठी कोंबडी केली होती. गावरान कोंबडी, पाट्यावर वाटलेलं काळं तिखट, वर तर्री, सोबत बाजरीच्या भाकरी. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला आधी विचारतात, काय घेणार. इथे विचारत नाहीत, वाढतात. मला वाढली. नितीनपुढे मऊ भात, गार दूध आणि वाटीत मोरावळा आला.

प्रेमभंगात भूक लागत नाही असं म्हणतात. मी समोर बसून पहिली नळी फोडली तेव्हा नितीनला ती लागली.

"वहिनी, मला थोडा रस्सा..." तो म्हणाला.

"नगं रं बाबा!" वहिनी कळवळून म्हणाल्या. "आतडं जळंल. आजच्या दिस सोस."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी दुसरी भाकरी मागून घेतली.

शनिवार : गुऱ्हाळ

सकाळी तात्या आम्हाला शेजाऱ्याच्या गुऱ्हाळावर घेऊन गेले. मी शहरात वाढलेली. गूळ कागदात बांधलेला मिळतो एवढंच मला माहीत. इथे एका बाजूला चरकात ऊस जातो, रस येतो, तो मोठ्या काहिलीत उकळतो. खाली उसाचीच वाळलेली चिपाडं जळतात. रसावर मळी आली की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून ती वर काढतात. मग पिवळा, मग तांबूस, मग सोन्यासारखा होत होत तो दाट होतो आणि काहील कलती करून तो निवायला वाफ्यात, म्हणजे पसरट हौदात, ओततात. काहिलीवरची माणसं उत्तर प्रदेशातली. त्यांनी ताज्या गरम गुळात शेंगदाणे घालून आम्हाला द्रोणात दिले. मी आयुष्यात बरंच खाल्लंय, पण त्या द्रोणाची बरोबरी करील असं थोडं.

नितीनला द्यायला गेले तर तो जाग्यावर नव्हता. दुःखी माणसाला एकांत लागतो. त्यानं तो शोधला होता आणि फडकं टाकलेल्या एका बैठकीवर बसून लांब उसाकडे बघत होता.

"आरं आरं!" तात्या ओरडले. "ढेप हाय ती! खुर्ची न्हाई! आत्ता काढलीया!"

नितीन दचकून उठला. फडकं त्याच्याबरोबर उठलं. पँटला ऊब लागली म्हणून त्याला बरं वाटत होतं, असं त्यानं नंतर मला सांगितलं. गुऱ्हाळावरच्या सगळ्या माश्यांनी कढई सोडून त्याच्यामागे रांग लावली. तो विहिरीकडे पळाला, माश्याही पळाल्या. काहिलीवरचा माणूस झारा टेकून म्हणाला, "भैया, आज तक गुड़ पे मक्खी देखी थी, गुड़ को भागते नहीं देखा."

पँट धुऊन वाळत घातली. तोवर नितीनला तात्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा मिळाला. तो घोट्याच्या बराच वर संपत होता. तसाच तो आमच्यात येऊन बसला. या अवतारात माणसाला फार काळ दुःखी राहणं जड जातं. पण नितीन प्रयत्न सोडत नव्हता.

तात्यांनी त्याला नीट न्याहाळलं आणि मला म्हणाले, "बाई, हे पित्त न्हाई."

"नाही," मी कबूल केलं.

"पोरगी हाय."

"होती."

तात्या नितीनकडे वळले. "माझी बी पैली सोयरीक मोडली बरं का. पाटसची पोरगी. तिच्या बानं सांगितलं, पोरगं बिनकामाचं हाय. मी रागानं रेल्वेत लागलो. आता पेन्शन हाय, पास हाय. तिचा नवरा दावू का तुला? त्यो बघ, चिपाडं वाळवतोय त्यो."

चिपाडं वाळवणाऱ्या गृहस्थानं हात वर करून राम राम घातला. तात्यांनीही घातला.

नितीन म्हणाला, "तात्या, तुमचं वेगळं. मी बोललोच नाही वेळेवर. आता एकदा तरी बोलू दे मला."

मी गूळ मोजून घ्यायला उठले.

शनिवार, दुपारनंतर : दौंड

माझा बेत असा: यवतहून शटलनं दौंडला जायचं, नितीनला जेवू घालायचं, आणि तिथून पुण्याची गाडी पकडून त्याला थेट त्याच्या आईच्या हवाली करायचं. यवतहून पुणंच जवळ, मग उलटं दौंडला कशाला, असं त्यानं विचारलं. "जंक्शन बघायचंय," मी म्हटलं. यवतहून पुण्याची बस धरली असती तर पहिल्याच थांब्यावर तो उतरून पळाला असता. दौंडची मोठी गाडी मधे थांबत नाही, आणि चालत्या रेल्वेतून पळता येत नाही.

दौंड हे गाव गाड्यांवर जगतं. तिथली माणसं गाड्यांबद्दल घरच्यांसारखं बोलतात. "ती आज उशिरा उठली," "ही नेहमी अशीच करते." स्टेशनाबाहेर अंडाभुर्जी आणि पाव मिळतो, तव्यावरून थेट पानात. इथे कुणाला पित्ताची बातमी नव्हती. नितीननं एक प्लेट खाल्ली, मग दुसरी. पित्ताच्या माणसानं वर मिरचीही मागून घेतली. 

फलाटावर एक लांबलचक गाडी उभी होती. मी नीट पाहिलं. इंजिन पुण्याच्या बाजूला लागलेलं. इंजिन तिकडे म्हणजे गाडी तिकडे. हे कुणाला विचारायची गरज नसते. पुण्याची दोन तिकिटं काढलेलीच होती. मी गुळाची पिशवी नितीनच्या खांद्यावर दिली आणि म्हटलं, "चल, बस."

"यातच?" त्यानं विचारलं.

"यातच."

तो फारच गरीबपणे चढला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

गाडी पुण्याच्या दिशेनं सुटली. ऊन तोंडावर येत होतं, मी पदर ओढून घेतला. थोड्या वेळानं ऊन आपोआप डाव्या बाजूला गेलं. मग खालून धडधड आवाज आला आणि मी पाहिलं तर मोठा पूल, खाली नदी. दौंडहून पुण्याला जाताना भीमा ओलांडावी लागत नाही, एवढा भूगोल मला येतो.

तेवढ्यात टीसी आले. त्यांनी तिकिटं उलटी केली, सुलटी केली. "बाई, पुण्याची तिकिटं घेऊन नगरला कुठं निघालात?"

"इंजिन पुण्याकडे होतं," मी म्हटलं.

"इंजिन व्हतं. गाडी न्हवती." ते शेजारी टेकले, यात त्यांना रोजचा विरंगुळा असावा. "मनमाडच्या गाडीचं दौंडला इंजिन हिकडचं काढून तिकडं लावत्यात. पुण्याकडं तोंड करून निघायचं आन् उजवीकडं वळायचं. माणसं हुशार असली की हमखास फसत्यात. अडाणी माणूस इचारून चढतो."

मी नितीनकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"तुला माहीत होतं?"

"दौंडला इंजिन फिरतं हे सगळ्यांना माहीत असतं, आत्या."

"मग बोलला का नाहीस?"

"तू यादी करून आली होतीस. मी मधे कशाला बोलू?"

टीसींनी आम्हाला बेलवंडीला उतरवलं. छोटं स्टेशन, एक कडुनिंब, एक बाकडं. बाहेर काळी-पिवळी जीप उभी होती आणि ड्रायव्हर ओरडत होता, "शिरूर, शिरूर, शिरूर!"

ज्या गावापासून लांब पळवायला निघाले होते, त्याच गावात, रविवारच्या आदल्या संध्याकाळी, कांद्याच्या गोण्यांमध्ये बसून मी त्याला स्वतःच्या खर्चानं घेऊन आले. घोडनदीचा पूल लागला तेव्हा नितीन दोन दिवसांत पहिल्यांदा खुशीत बोलला. "आत्या, तू नसतीस तर इतक्या आरामात आलो नसतो."

रविवार : शिरूर

एसटी स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो होतो. सकाळी उठून मी पर्याय मोजले. दादाला फोन करावा तर तो येऊन आणखी गोंधळ घालणार. एस्तेरला आधी कळवावं तर तिचा दिवस आधीपासूनच नासणार. राहिला एकच, की आपणही बरोबर जावं, शेजारी बसावं आणि वेळ आली की याचा शर्ट धरून ठेवावा.

नितीननं दाढी केली. धुतलेली पँट घातली. आरशात बघून म्हणाला, "बरा दिसतो का?"

"हरकत घेणारा माणूस असाच दिसावा," मी म्हटलं.

जुन्या मिशनच्या आवारातलं ते दगडी चर्च साधं, स्वच्छ. दारात चपलांची रांग, अगदी आपल्या विहारासारखी. येणारा प्रत्येक जण हात कपाळाला लावून "सलाम" म्हणत होता. आम्हीही सलाम केला. आत गेलो आणि माझ्या बेताचा पहिला खांब पडला. पुरुष उजवीकडे बसतात आणि बायका डावीकडे. मधे चांगली रुंद वाट. माझा हात काही एवढा लांब नाही.

नितीन पुरुषांच्या बाकांवर मधल्या रांगेत जाऊन बसला. मी बायकांमध्ये. माझ्यापुढे दोन बाक सोडून एस्तेर बसली होती. नितीननं दाखवलेल्या फोटोत होती त्याहून बारीक, केसांत आबोली. तिनं मान वळवली, नितीनला पाहिलं आणि परत समोर बघायला लागली. तिच्या मानेचे स्नायू ताणलेले मला मागून दिसत होते. तिला लगेच कळलं होतं तो कशाला आला ते.

गाणी झाली. तबला-पेटीवर, ठेका भजनासारखा; मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. उपदेश झाला. मग पाळकसाहेब चष्मा पुसून म्हणाले, "आता काही सूचना. त्याआधी, आज आपल्यात पाहुणे आलेले दिसतात. त्यांनी कृपया उभं राहून आपली ओळख करून द्यावी. काही विनंती असेल तर सांगावी, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू."

ही रीत आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हती. सगळं चर्च नितीनकडे वळलं. तो उभा राहिला. मला दिसलं की याला वाटतंय हीच ती वेळ.

"माझं नाव नितीन," तो म्हणाला. "मी कारेगावहून आलो. माझी एक..."

मी ताडकन उभी राहिले. "हा माझा भाचा!" माझा आवाज दगडी भिंतींवरून घुमून परत आला. "त्याला पित्ताचा फार त्रास आहे!"

मग पाळकसाहेबांनी मायेनं मान हलवली आणि डोळे मिटले. त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी मिटले. नितीनच्या पित्तासाठी भरल्या चर्चनं प्रार्थना केली, आणि ती काही थोडक्यात आटपली नाही. त्याच्या पोटाचा, झोपेचा, नोकरीचा, आईबापांचा उल्लेख झाला. शेजारच्या एका गृहस्थानं उठून त्याच्या पोटावर हात ठेवला. नितीन मधोमध उभा होता, डोळे उघडे, माझ्याकडे बघत. एस्तेरची मान खाली होती आणि खांदे हलत होते. रडते की काय, मला मागून कळेना.

"आमेन," सगळे म्हणाले. स्वागताचं गाणं झालं. नितीन बसला.

पण तो हरलेला नव्हता. पाळकसाहेबांनी कागद उचलला आणि तिसऱ्या वेळेची घोषणा वाचायला घेतली: एस्तेरचं नाव, नगरच्या मुलाचं नाव, लग्नाची तारीख. "ही तिसरी आणि शेवटची वेळ. या विवाहाला कुणाची हरकत असल्यास त्यानं आताच सांगावी."

नितीननं पुढच्या बाकाची कड धरली. तो उठत होता. गुडघे सरळ होत होते. मी उठून काय करणार होते? पित्त एकदाच वापरता येतं. एस्तेर हलत नव्हती.

"माझी हरकत हाय," आवाज आला.

आवाज नितीनचा नव्हता. पहिल्या बाकावरचे एक म्हातारबाबा काठीवर उठून उभे होते. पांढरं धोतर, डोक्याला फेटा. एस्तेरचे चुलत आजोबा, असं माझ्या शेजारणीनं कपाळाला हात लावत सांगितलं.

पाळकसाहेबांच्या हातातला कागद खाली आला. "आबा? तुमची?"

"व्हय, माझी. तारीख चुकीची हाय. त्या दिशी बाजार हाय. आख्ख्या शिरूरचे मांडववाले बाजारात पालं ठोकाय जात्यात. मांडव मिळायचा न्हाई, वऱ्हाड उन्हात जेवंल. घरात सांगितलं तवा म्हनले, आबा गप बसा. आता तुम्हीच इचारलं, म्हणून सांगतो."

"आबा, ही तशी हरकत नव्हे..."

"हरकत ती हरकत! तशी आन् अशी काय आसती?" आबांनी काठी आपटली. "तीन रविवार इचारताय. कोणीतरी कायतरी बोलाय नको व्हय?"

नितीन अर्धा उठलेला होता. ना उभा, ना बसलेला. त्याचं तोंड उघडं होतं. आणि मग त्या उघड्या तोंडातून हसू बाहेर पडलं. साधं नाही, दाबून ठेवलेलं, नाकातून, घशातून, वेडंवाकडं. त्यानं रुमाल कोंबला तरी ते थांबेना. तो मटकन खाली बसला आणि बाकावर कपाळ टेकून हसत राहिला. एकाला हसू आलं की चर्चमध्ये काय होतं ते विचारू नका. पोरं हसली, बायका पदरात हसल्या, पेटीवाला हसला. एस्तेरनं मागे वळून नितीनकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसतच होती. मघापासून हसतच होती.

पाळकसाहेबांनी स्वतःला सावरून "या हरकतीची नोंद घेतली आहे" म्हणून घोषणा पुरी केली आणि दानाच्या पेट्या फिरवायला सांगितल्या. वेळ निघून गेली होती.

उपासनेनंतर आवारातल्या चिंचेखाली चहा होता. पाहुण्यांना आधी. नितीनला कप मिळाला आणि पाठोपाठ आबाही मिळाले.

"पाहुणं, पित्त कसं हाय आता?"

"उतरलं," नितीन म्हणाला.

"उतरणारच. आता मला सांगा, माझं काय चुकलं? मांडव लागतो का न्हाई?"

"लागतो आबा. तुमचं बरोबर आहे." नितीननं कप खाली ठेवला. "कारेगावात एक मांडववाला आहे. आमच्या कंपनीची पूजा असते तेव्हा तोच येतो. तो बाजाराला जात नाही."

आबांनी त्याचं मनगट पकडलं. "फोन हाय का त्याचा?"

"आहे."

"मंग चला की! समोर बूथ हाय."

नितीन आबांबरोबर निघाला आणि वाटेत एस्तेर उभी होती. दोघंही थांबले. आबा चार पावलं पुढे जाऊन काठी हलवत राहिले. मी चिंचेच्या खोडामागे होते. मुद्दाम नव्हते, पण हललेही नाही.

"तू हरकत घ्यायला आला होतास," एस्तेर म्हणाली.

"हो."

"मग?"

"आबांनी घेतली की."

तिनं तोंडावर हात धरला. तो मान हलवून आबांच्या मागे गेला. बूथच्या काचेतून दोघं दिसत होते. नितीन आकडे फिरवत होता आणि आबा रिसीव्हरपर्यंत पोचायला टाचा उंच करत होते.

एस्तेर किटली घेऊन माझ्याकडे आली. तिचं नाक लाल झालं होतं. तिनं मला ओळखलं होतं, किंवा नितीननं कधीतरी माझ्याबद्दल सांगितलं असावं.

"आत्या, आणखी घेणार?" तिनं विचारलं.

मी तिची आत्या लागत नव्हते, आणि आता लागणारही नव्हते. मी काही दुरुस्त केलं नाही. कप पुढे केला आणि म्हटलं, "अर्धा दे."